दाखला आणि दाख़िला

दरवर्षी जूनमध्ये आमच्या शाळेच्या ऑफिसच्या खिडकीशी एक घोटाळा होतो. दहावीचा निकाल लागून गेलेला असतो. मुलींच्या आया उन्हातून चालत आलेल्या असतात. त्या क्लार्कला विचारतात, "भैया, दाख़िला हो गया क्या?" क्लार्क मराठी. त्याला वाटतं, शाळा सोडल्याचा दाखला मागताहेत. तो म्हणतो, "हो गया, ले जाओ." बाई हातातला कागद बघून खूश होतात आणि घरी जातात. आठ दिवसांनी पुन्हा येतात, या वेळी रागावून. कारण मुलीचा कॉलेजात प्रवेश झालेलाच नसतो.

शब्द एकच आहे. मराठीत दाखला म्हणजे शाळेतून बाहेर पडल्याचा कागद आणि उर्दूत दाख़िला म्हणजे आत जाणं, प्रवेश. एकाच अरबी धातूतून आलेला शब्द दोन घरांत गेला आणि एका घरात बाहेरच्या दाराला चिकटला, दुसऱ्या घरात आतल्या. मी दोन्ही भाषा शिकवते, त्यामुळे हा घोटाळा निस्तरायला मलाच खिडकीशी बोलावतात. बाईंना खुर्चीवर बसवते, पाणी देते आणि समजावते की बाजी, हा कागद शाळेतून निघाल्याचा आहे, कॉलेजचा फॉर्म वेगळा भरायचा आहे. मग त्या ठरलेला प्रश्न विचारतात: "क्या लेना बोलते आप? आर्ट्स या सायन्स?"

या प्रश्नाचं उत्तर मी वीस वर्षं देते आहे. ते देताना दर वेळी आधी मला माझे नाना आठवतात, म्हणजे आईचे वडील, आणि मग त्यांचे मित्र, ज्यांना सारं गाव गुरुजी म्हणायचं. आज त्या दोघांबद्दल लिहायचं आहे. पण त्यांच्याबद्दल लिहायचं तर ज्या विद्यापीठापायी त्यांची आयुष्यं वळली त्याच्याबद्दल लिहावं लागेल, आणि ती गोष्ट मराठी वाचकांना सहसा अर्धीच माहीत असते. आम्हा उर्दूवाल्यांनाही अर्धीच माहीत असते, फक्त आमचा अर्धा भाग वेगळा.

आधी माझं थोडक्यात. 1997 साली मी उर्दू माध्यमातून दहावी झाले. विज्ञानात मार्क चांगले होते, म्हणून हट्टानं अकरावी सायन्सला गेले. तेवीस दिवस टिकले. पहिल्याच आठवड्यात सरांनी विचारलं की फोटोसिंथेसिस कोण सांगेल. वर्गात शांतता. मला ती क्रिया आकृतीसकट पाठ होती, पण आमच्या पुस्तकात तिचं नाव होतं ज़ियाई तालीफ. ज़िया म्हणजे प्रकाश, तालीफ म्हणजे जुळवणी. सर ज्याबद्दल विचारताहेत ते हेच, हे मला तास संपल्यावर, शेजारणीच्या वहीतलं चित्र बघून कळलं. प्रयोगशाळेत इम्तिहानी नली शोधत होते, ती टेस्ट ट्यूब निघाली. कशिशे सिक़्ल ग्रॅव्हिटी झाली, मुसल्लस ट्रँगल झाला, तेज़ाब ॲसिड झालं. जे येत होतं ते येत नसल्यासारखं झालं. तेविसाव्या दिवशी मी शाखा बदलायचा अर्ज दिला. खिडकीतल्या माणसानं अर्ज न वाचताच शिक्का मारला आणि म्हणाला, उर्दूच्या मुली शेवटी आर्ट्सलाच येतात. तो वाईट माणूस नव्हता. दरवर्षी बघत होता तेच बोलला.

त्या संध्याकाळी नानांनी पलंगाखालची ट्रंक ओढली आणि तीन वह्या काढल्या. त्यांच्या इंटर सायन्सच्या वह्या, 1946 ते 1948. भौतिकशास्त्र, रसायन, गणित. सगळं उर्दूत, उजवीकडून डावीकडे, निळ्या शाईत, समीकरणंसुद्धा. मी आयुष्यात पहिल्यांदा कॉलेजचं विज्ञान उर्दूत लिहिलेलं बघत होते. नाना म्हणाले, "हम ने कॉलेज में यही पढ़ा. औरंगाबाद में." मला खरं वाटेना. मला वाटत होतं उर्दूतलं विज्ञान दहावीला संपतं, तिथं कठडा असतो, आणि पुढे खाली दरी.

तो कठडा नेहमीच तिथं नव्हता. तो काढून टाकण्याचा एक मोठा प्रयत्न झाला होता, आणि तो आपल्याच भागात झाला होता.

मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. संस्थानात निज़ाम कॉलेज होतं, पण ते मद्रास विद्यापीठाला जोडलेलं आणि इंग्रजी माध्यमाचं. संस्थानातला मुलगा शाळा संपवून कॉलेजात जायचा तर त्याची भाषा बदलायची, आणि बहुतेक जण तिथंच गळायचे. सर अकबर हैदरी तेव्हा संस्थानच्या सरकारात मोठ्या पदावर होते. ते मुंबईचे, सेंट झेवियर्समध्ये शिकलेले, बद्रुद्दीन तय्यबजींच्या नात्यातले. तय्यबजींना 1860 साली, सोळाव्या वर्षी, शिकायला इंग्लंडला पाठवलं होतं. त्या घराला इंग्रजी शिक्षणाची ताकद आणि किंमत दोन्ही ठाऊक होत्या. हैदरींनी 1917 साली निज़ामापुढे टिपण मांडलं की परक्या भाषेतून शिकताना विद्यार्थ्याची शक्ती पाठांतरात जाते, तेव्हा देशी भाषेतून शिकवणारं विद्यापीठ काढावं. इंग्रजी सक्तीची ठेवावी, पण एक विषय म्हणून. मीर उस्मान अली ख़ान यांनी फर्मान काढलं, 1918 साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झालं आणि 1919च्या ऑगस्टमध्ये वर्ग सुरू झाले.

आता पुस्तकं कुठून आणायची? बी.ए.चं अर्थशास्त्र, रसायनशास्त्र, शरीरशास्त्र, यातलं काहीच उर्दूत नव्हतं. म्हणून विद्यापीठाच्याही आधी, 1917 सालीच, भाषांतराचा विभाग उघडला: दारुत्तर्जुमा. त्याचे पहिले प्रमुख मौलवी अब्दुल हक़. तिथं कोण कोण बसून भाषांतरं करत होतं बघा. 'उमराव जान अदा' लिहिणारे मिर्ज़ा हादी रुसवा तत्त्वज्ञानाची पुस्तकं उर्दूत आणत होते. पुढे जोश मलीहाबादी तिथं नोकरीला आले. कवी, कादंबरीकार, मौलवी आणि विज्ञानाचे प्राध्यापक एका समितीत बसून एकेका शब्दावर भांडत. अरबी धातूवरून शब्द घडवायचा की लोकांच्या बोलीतला घ्यायचा? वहीदुद्दीन सलीम यांनी तर परिभाषा कशी घडवावी यावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला, 'वज़ए इस्तिलाहात'. उर्दू ही इथल्या मातीची भाषा आहे, तेव्हा हिंदी प्रत्यय आणि शब्द वापरायला लाजू नका, असं त्यांचं म्हणणं होतं. दर वेळी त्यांचं ऐकलं गेलं नाही. गेलं असतं तर आमच्या मुलींच्या पुस्तकातले काही शब्द जिभेला इतके जड झाले नसते.

आणि हे सगळं फक्त हैदराबादेत चाललं नव्हतं. अब्दुल हक़ अंजुमन तरक़्क़ी-ए-उर्दूचे चिटणीस झाले तेव्हा औरंगाबादेत शिक्षण खात्यात होते, आणि अंजुमनचं दफ्तर त्यांच्याबरोबर औरंगाबादेतच आलं. पाव शतकभर उर्दूची ही सगळ्यात मोठी संस्था दिल्लीत नव्हती, लखनौत नव्हती, आपल्या औरंगाबादेत होती. तिथून 'उर्दू' त्रैमासिक निघालं, शब्दकोशाचं काम झालं. 1923 साली औरंगाबादेत इंटरमीजिएट कॉलेज निघालं, उस्मानियाला जोडलेलं. आजचं शासकीय कला व विज्ञान महाविद्यालय ते हेच. अब्दुल हक़ त्याचे प्राचार्य होते. बीबी का मक़बरा परिसरातल्या एका माळ्यावर त्यांनी लिहिलेलं व्यक्तिचित्र, 'नाम देव माली', उर्दू शाळांत पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं गेलं आहे. मीही शिकवलं आहे. पाणीटंचाईत रोपांना स्वतःच्या लेकरांसारखं जपणारा दलित माळी नामदेव हा उर्दू गद्यातल्या सर्वांत प्रेमानं लिहिलेल्या माणसांपैकी एक आहे. मराठी भाषेवर फारसीचा काय परिणाम झाला यावरही त्यांनी पुस्तक लिहिलं. दाखला आणि दाख़िला यांचं नातं त्यांनी नक्कीच हसत हसत सांगितलं असतं.

प्रयोग फसला असता तर विषय इथंच संपला असता. पण तो फसला नाही. उस्मानियात वैद्यक उर्दूत शिकवलं गेलं, इंजिनिअरिंग उर्दूत शिकवलं गेलं. रज़ीउद्दीन सिद्दीक़ी उस्मानियात उर्दूतून पदवीधर झाले, केंब्रिजला गेले आणि मग जर्मनीत लाइपझिगला वर्नर हायझेनबर्ग यांच्याकडे त्यांनी डॉक्टरेट केली. परत येऊन त्यांनी उस्मानियात गणित शिकवलं. देशी भाषेत शिकलेला मुलगा पुढे अडतो असं कुणी मला ऐकवलं की मी हे नाव सांगते.

इथवरची गोष्ट माझ्या घरातली, आणि ती सांगताना माझी मान ताठ असते. नानांनी मॅट्रिक केलं, औरंगाबादला इंटर सायन्स केलं, 1948च्या उन्हाळ्यात पास झाले. त्यांना इंजिनिअर व्हायचं होतं. त्या सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली. त्याआधीचं वर्ष रझाकारांच्या अत्याचारांचं होतं, आणि त्यानंतरचे आठवडे मराठवाड्यातल्या मुसलमानांच्या कत्तलींचे. पंडित सुंदरलाल यांच्या समितीनं संस्थानभरातल्या मृतांचा आकडा कमीत कमी 27 ते 40 हजार धरला होता. नानांचं कुटुंब गाव सोडून नातेवाइकांकडे गेलं. दीड वर्षानं परिस्थिती निवळली तेव्हा नाना हैदराबादला गेले, वह्या घेऊन. तोवर उस्मानियाचं माध्यम बदललं होतं. इंग्रजी आली होती. नाना वर्गात काही दिवस बसले. मला फोटोसिंथेसिसला झालं तेच त्यांना मेकॅनिक्सला झालं. ते परत आले आणि प्राथमिक शाळेत शिक्षक म्हणून लागले. एकोणतीस वर्षं त्यांनी पहिली ते चौथीच्या मुलांना पाढे शिकवले.

आमच्या घरात हे असं सांगितलं जायचं: नाना इंजिनिअर झाले असते, पण त्यांची भाषा त्यांच्याकडून काढून घेतली. मी बी.ए. केलं, बी.एड. केलं, नोकरीला लागले, तोवर मला या गोष्टीत काही कमी आहे असं वाटलं नाही.

2005 साली नाना गेले. तिसऱ्या दिवशी गुरुजी भेटायला आले. वय सत्त्याहत्तर, धोतर, काळी टोपी, हातात काठी. नानांबरोबर एकाच शाळेत शिकले आणि पुढे एकाच गावात मास्तर होते. नानांशी ते अस्खलित उर्दूत बोलायचे, पत्रं उर्दूतच लिहायचे, आणि आम्हा मुलांना त्याचं काही नवल वाटत नसे. मी त्यांना चहा दिला आणि बोलता बोलता तीच गोष्ट सांगितली, की 1948 झालं नसतं तर नाना कुठच्या कुठे गेले असते. गुरुजींनी बशी खाली ठेवली.

"बाळ, तुझ्या नानाला एकोणिसाव्या वर्षी जे झालं, ते मला दहाव्या वर्षी झालं. पाचवीत."

गुरुजींचं घर मराठी. गावच्या शाळेत चौथीपर्यंत मराठीत शिकले. पुढची शाळा उर्दू माध्यमाची. भूगोल उर्दूत, गणित उर्दूत, इतिहास उर्दूत. लिपीसुद्धा येत नव्हती. "मला भागाकार येत होता. पण मास्तर काय विचारतोय हे कळत नव्हतं. दोन वेळा नापास झालो. तुझा नाना तिसऱ्या बाकावरून मला शब्द पुरवायचा, मुसल्लस म्हणजे त्रिकोण, ज़ाविया म्हणजे कोन. त्याच्यामुळं मी मॅट्रिक झालो." मग थोडं थांबून म्हणाले, "माझ्याबरोबरचे नऊ जण पाचवीतच सुटले. ते पुढं शेतात गेले. त्यांच्या घरात कुणी अशी गोष्ट सांगत नसतील, कारण आपण कुठपर्यंत गेलो असतो हे त्यांना कळलंच नाही."

मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं नव्हतंच.

त्यानंतर मी या विद्यापीठाबद्दल पुन्हा वाचायला बसले, आणि या वेळी दुसऱ्या बाजूनं. हैदराबाद संस्थानात घरी उर्दू बोलणारे लोक दहात जेमतेम एक. बाकी तेलुगू, मराठी आणि कन्नड. मराठी बोलणारे सुमारे चौथा हिस्सा. हैदरींच्या टिपणातला युक्तिवाद, की परक्या भाषेतून शिकणं म्हणजे शक्ती वाया घालवणं, तो शब्दशः खरा होता. पण औरंगाबादच्या, बीडच्या, नांदेडच्या कुणब्याच्या मुलाला उर्दूही परकीच होती. उस्मानियात मराठी, तेलुगू, कन्नड विषय म्हणून होत्या, माध्यम म्हणून नव्हत्या. उर्दू ही संस्थानातल्या सगळ्यांची सामायिक बोली आहे असा दावा होता. बाजारात तो बराच खरा होता. पण सौदा करायला पुरणाऱ्या भाषेत भूमिती सिद्ध करता येत नाही. एका कठड्याला मोठ्या कष्टानं पाडणाऱ्यांनी, त्याच विटा वापरून, दुसऱ्यांच्या वाटेत कठडा बांधला. मी हे लिहिते आहे म्हणून काही आप्त नाराज होतील. होऊ देत.

मराठी लोक अर्थात गप्प बसले नाहीत. औरंगाबादेत 1915 सालापासून सरस्वती भुवन होतं. अंबाजोगाईला योगेश्वरी शाळा होती, तिथं स्वामी रामानंद तीर्थ मुख्याध्यापक होते. या खाजगी शाळांमधून मराठवाड्यातली एक पिढी मराठीत वाढली. पण शाळा काढणं जमलं तरी कॉलेजचं काय? शाळेतून कॉलेजात जायच्या वळणावर पुन्हा तेच. ज्यांच्या घरी पैसे होते ते पुण्याला, नागपूरला, मुंबईला गेले. 1938 साली औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजच्या वसतिगृहात मुलांनी प्रार्थनेत वंदे मातरम् म्हणायला सुरुवात केली आणि त्यावर बंदी आली. ते लोण हैदराबादला गेलं. शेकडो विद्यार्थ्यांना काढून टाकलं. नागपूर विद्यापीठानं दारं उघडली आणि त्यातले बरेच तिकडे जाऊन शिकले. पी. व्ही. नरसिंह राव हे त्या चळवळीतून नागपूरला गेलेल्या विद्यार्थ्यांपैकी एक. गुरुजींचे थोरले भाऊही त्यातच होते. त्यांचा खर्च भागवायला घरचं दोन एकर रान गेलं, आणि मग गुरुजींच्या कॉलेजसाठी काही उरलं नाही. म्हणजे नानांचं कॉलेज इतिहासानं नेलं आणि गुरुजींचंही. फक्त दहा वर्षांच्या अंतरानं आणि वेगवेगळ्या बाजूंनी. बाजू वेगळ्या असूनही दोघं साठ वर्षं रोज संध्याकाळी एका ओट्यावर बसत होते.

पोलीस ॲक्शननंतर उस्मानियाचं उर्दू माध्यम गेलं, पण त्या जागी मराठी किंवा तेलुगू आली नाही. इंग्रजी आली. याचा विचार मी पुष्कळ केला आहे. अन्याय उर्दूनं इतर भाषांवर केला होता, तर न्याय म्हणून त्या भाषांना वर आणायला हवं होतं. त्याऐवजी सगळ्यांना सारखंच खाली ठेवलं गेलं. तीस वर्षं खपून तयार केलेली शेकडो पुस्तकं आणि हजारो शब्द कपाटात गेले. मराठवाड्यात पुढे कॉलेजं आली, आणि चांगली आली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1950 साली औरंगाबादेत कॉलेज सुरू केलं, ते पुढे मिलिंद म्हणून ओळखलं गेलं. ज्यांच्या घरात आधी कुणी शाळेतही गेलं नव्हतं अशी मुलं तिथून पदवीधर झाली. 1958 साली मराठवाडा विद्यापीठ झालं. 1963 साली रफ़ीक़ ज़करिया यांच्या पुढाकारानं मौलाना आज़ाद कॉलेज निघालं. दारं वाढली. पण विज्ञानाच्या दाराशी भाषा बदलायची ती बदलायचीच.

आणि हे फक्त उर्दूचं दुखणं नाही. मी मराठीही शिकवते म्हणून सांगते. राज्य सरकारनं 1960 साली भाषा संचालनालय काढलं, परिभाषा कोश केले. मराठी माध्यमाच्या मुलाला प्रकाशसंश्लेषण येतं, त्वरण येतं, परीक्षानळी येते. (परीक्षानळी आणि इम्तिहानी नली! वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या खोल्यांत बसलेल्या दोन समित्यांनी एकाच इंग्रजी शब्दाचं हुबेहूब एकच भाषांतर केलं.) अकरावी सायन्सच्या पहिल्या दिवशी तोही मुलगा माझ्यासारखाच मुका होतो. तालुक्याच्या कॉलेजात शेवटच्या बाकावर माझ्या शेजारी बसलेली मुलगी मराठी शाळेतली होती. आम्ही दोघी एकमेकींना काही सांगू शकलो नाही, कारण आम्हाला कळलंच नाही की आम्ही एकच गोष्ट हरवून बसलो आहोत. तीही महिनाभरानं आर्ट्सला आली. आता एका मोठ्या शाळेत मुख्याध्यापिका आहे.

फरक आहे तो पुढचा. मराठी मुलीला आर्ट्समध्ये गेल्यावर सगळं मराठीत मिळतं. उर्दू माध्यमाच्या मुलीला इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र मराठीत नाहीतर इंग्रजीत घ्यावं लागतं. उर्दू साहित्य हा एकच विषय तिच्या ओळखीचा उरतो. म्हणून ती उर्दू घेते आणि मग शिक्षिका होते, माझ्यासारखी, आणि तिच्या वर्गातल्या मुलींना दहावीपर्यंत पोचवते. सच्चर समितीनं 2006 साली लिहिलं की नामवंत कॉलेजांत पदवीच्या पंचवीस विद्यार्थ्यांमागे एक मुसलमान आहे. त्या एकामागे दारिद्र्य आहे, लवकर होणारी लग्नं आहेत, भेदभाव आहे, आमच्या समाजाची बेफिकिरीही आहे. पण अकरावीचे हे पहिले तेवीस दिवसही आहेत, आणि ते कुठल्याच तक्त्यात येत नाहीत.

मग त्या आयांना मी काय सांगते?

सुरुवातीची वर्षं मी सांगायची, आर्ट्स घ्या. सुरक्षित आहे. मला वाटायचं मी मुलींना अपमानापासून वाचवते आहे. एकदा एका हुशार मुलीला मी असंच आर्ट्सला घातलं. ती आता घरी असते, शिवणकाम करते. भेटली की सलाम करते, आणि तिच्या मनात काही नसतंच. माझ्या मनात असतं. कॉलेजच्या खिडकीतला माणूस मला जे बोलला होता तेच मी तिला गोड शब्दांत सांगितलं होतं.

आता मी एप्रिल-मे महिन्यात दहावी झालेल्या मुलींना दीड तास बसवते. शाळेची परवानगी आहे, पंखा मात्र एकच आहे. कुठली नवी पद्धत वगैरे नाही. वहीत तीन रकाने पाडायचे: उर्दू, मराठी, इंग्रजी. विज्ञानाचा एकेक शब्द तिन्ही रकान्यांत. ही कल्पना माझी नाही. मराठवाडा 1956 साली मुंबई राज्यात आला आणि नानांना नोकरी टिकवायला मराठीची परीक्षा द्यावी लागली, तेव्हा गुरुजींनी त्यांना रोज ओट्यावर बसवून असंच शिकवलं होतं. वही दोन रकान्यांची होती. पाचवीत घेतलेले शब्द गुरुजींनी परत केले. मी फक्त तिसरा रकाना वाढवला.

सगळ्या टिकतात असं नाही. मागच्या वर्षी सात जणी सायन्सला गेल्या, तीन परत आल्या. एकीचं लग्न ठरलं, दोघींना खरोखरच ते आवडलं नाही. न आवडून परत येणं मला चालतं.

उरलेल्या चौघींपैकी एक जुलैत शाळा सुटायच्या वेळी आली. सायकल भिंतीला टेकवली, दप्तरातून तीच वही काढली. "मॅडम, ये वाला अपनी कॉपी में नहीं है." तिसऱ्या रकान्यात तिनं लिहिलं होतं: वेक्टर. मधला रकाना कॉलेजातल्या मैत्रिणीला विचारून भरला होता: सदिश. पहिला रिकामा.

आता तिला त्या रकान्याची काय गरज? परीक्षा इंग्रजीत आहे. मी तसं म्हणालेही. ती म्हणाली, "मालूम है. पर ख़ाली अच्छा नहीं लगता."

मला शब्द आठवेना. तिला घरी घेऊन गेले, ट्रंक काढली, नानांची भौतिकशास्त्राची वही उघडली. कागद पिवळे पडले आहेत, कडा हाताला येतात. सातव्या का आठव्या पानावर बाण काढलेले दिसले आणि वर ठळक अक्षरात मथळा: सम्तिया. सम्त म्हणजे दिशा. तिनं एकदा त्या शब्दाकडे पाहिलं, एकदा मधल्या रकान्यातल्या सदिशकडे, आणि हसायला लागली. मग गुडघ्यावर वही ठेवून तिनं रिकामी जागा भरली आणि विचारलं, ही वही दोन दिवस घरी नेली तर चालेल का.